चुलीसमोरची दोरी

आमच्या स्वयंपाकघरात चुलीच्या समोरच्या भिंतीवर दोन खिळे आहेत आणि त्यांच्यामध्ये एक दोरी बांधलेली आहे. चूल जाऊन स्टोव्ह आला, स्टोव्ह जाऊन गॅस आला, भिंतीला कितीदा तरी रंग लागला, पण खिळे कुणी काढायचे नाहीत असं यांचं सांगणं होतं. दोरी जुनी झाली की तीही हेच बदलायचे. हे म्हणजे आमचे मालक. त्यांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं, तेही सासूबाईंनी चिमटा काढल्यावर. त्यानंतर घेतलं नाही, तर आता लिहिताना तरी कशाला घेऊ.

हे मासिक काढायचे. नावाला मासिक, यायचं तीन महिन्यांनी, कधी सहा महिन्यांनी. त्यात गोष्टी नसायच्या, राशिभविष्य नसायचं, लोणच्याची कृती नसायची. त्यात अक्षरं असायची. दुकानाच्या पाट्या, चादरीवरची लेबलं, लग्नपत्रिका, विडीच्या बंडलाचे कागद, काड्यापेट्या. कुठलं अक्षर कसं काढलंय, ते का चांगलं दिसतं, का वाईट दिसतं, कागदावर जागा कुठं मोकळी सोडावी. मी माहेरी हे सांगितलं तेव्हा माझा भाऊ म्हणाला, "आन् लोक ते इकत घेत्यात?" घेत होते. थोडे घेत होते, पण लांबलांबचे घेत होते. पोस्टात टाकायचे गठ्ठे मीच बांधायची, म्हणून गावांची नावं मला माहीत आहेत.

मोठी लढाई संपल्यावर परदेशात अशी मासिकं निघायला लागली होती म्हणे. हे मुंबईला चित्रकला शिकायला होते, तिथं एका रद्दीवाल्याकडं यांना ती सापडली. भाषा कळायची नाही, पण पानं कळायची. मामंजी आजारी पडले म्हणून शिक्षण अर्ध्यात सोडून सोलापूरला परत यावं लागलं, तेव्हा कपडे कमी आणि ती मासिकं जास्त अशी ट्रंक घेऊन आले. इथं चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायला लागले. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं, त्यावरून मागावर नक्षी उठते. दिवसा ते काम आणि संध्याकाळी हे. आपल्या अक्षरांचं असं मासिक कुणी काढत नाही म्हटल्यावर यांनीच काढलं. लिहायचे हेच, काढायचे हेच, छापखान्यात उभे राहून शाईला नावं ठेवायचेही हेच.

मी जेऊरची. माझं लग्न झालं तेव्हा मासिकाचे पहिले अंक निघालेले होते. माझी शाळा चौथीला सुटली होती. धाकटी भावंडं सांभाळायला घरी कुणी नव्हतं, एवढंच कारण. लग्नानंतर यांनी मला पहिलं काय विचारलं असेल तर हे, "वाचता येतं का?"

मी जमिनीकडं बघत म्हणाले, "मोठी अक्षरं येत्यात."

ते खरंच होतं. पुस्तकातली बारीक अक्षरं माझ्या डोळ्यापुढं गिचमिड व्हायची. पण आमचं रान रुळाच्या कडेला होतं आणि तिथून जेऊर स्टेशनची पिवळी पाटी दिसायची, तिच्यावर काळं नाव. मी खुरपताना मान वर केली की ती दिसायचीच. बघायचं म्हणून नाही, आपोआप.

मी हे मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं. हे एकदम ताठ बसले. "किती लांबून दिसायची?"

"आमच्या चिंचेपासनं."

"रोज बघून बघून कंटाळा नाही यायचा?"

"कट्टाळा कशाचा? ती दिसायचीच की."

हे हसायला लागले. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. दुसऱ्या दिवशी यांनी हातोडी घेतली आणि चुलीच्या समोर ते दोन खिळे ठोकले.

त्या दोरीला लाकडी चिमट्यांनी पहिलं चित्र लागलं ते पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठाचं. काळ्या रंगात एक भलं मोठं अक्षर आणि बाकी कोरा कागद. सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणायचो. घरात निम्मं बोलणं कानडी, निम्मं मराठी. अव्वा आत आल्या आणि दारातच थांबल्या.

"येनो इदू? अय्य, स्वयंपाकघरात काळं काय लावलास रे? कोण गेलं आपल्यात?"

"कुणी गेलं नाही अव्वा. आठ दिवस राहू दे."

"आठ दिवस? मग दहाव्याचं जेवणबी घाल की."

त्यांनी आठ दिवस त्या भिंतीकडं पाठ करून भाजी निवडली. मला यांनी एवढंच सांगितलं की, मुद्दाम बघू नकोस आणि मुद्दाम टाळूही नकोस, भाकरी कर. आठ दिवसांनी विचारलं, "दिसतं का अजून?"

मला प्रश्न कळला नाही. मी पीठ मळत राहिले. मग हे म्हणाले, "बोलायचं नसेल तर नुसती मान हलव. भाकरी थापताना नजर वर गेली की ते दिसतं, का भिंतच दिसते?"

मी खूप वेळ पिठाकडं बघितलं. सुरुवातीचे दोन दिवस ते दिसत होतं. नंतर मला तिथं काही आहे याचीच आठवण राहिली नव्हती. मी नाही म्हणून मान हलवली. यांनी ते चित्र उतरवलं आणि मला रडू आलं. एवढ्या मेहनतीचं काम माझ्या एका मानेनं गेलं असं वाटलं.

"रडतीस काय? बरं झालं की. छापल्यावर कळलं असतं तर?"

"पर मला त्यातलं काय कळतंय?"

"कळत नाही म्हणून तर तुला विचारतो. ज्याला कळतं तो बघायचं म्हणून बघतो. लोक काय आपलं चित्र बघायला घरातून निघतात का? ते आपल्या कामाला निघालेले असतात."

त्यानंतर मासिक चालू होतं तोवर प्रत्येक मुखपृष्ठ आधी माझ्या भाकरीसमोर टांगलं गेलं. हे कुणाला माहीत नव्हतं. यांचे मित्र बाहेरच्या खोलीत बसून मोठमोठं बोलायचे, हे मुखपृष्ठ असं का आणि तसं का. मी चहाचा ट्रे दाराशी ठेवून कडी वाजवायची आणि आत पळायची. माणसांसमोर माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, आजही फुटत नाही. मी दिसतं म्हटलं तर चित्र छापखान्यात जायचं. दिसत नाही म्हटलं तर हे ते मला द्यायचे, फळीवर डब्यांखाली घालायला. मात्र उलटं घालायचं, चित्र खाली आणि कोरी बाजू वर. मी एकदा विचारलं, असं का? तर म्हणाले, "नापास झालेल्या पोराला चारचौघांत उभं करायचं नसतं."

मासिकात एक पान असायचं ज्यावर शहरातल्या एखाद्या पाटीचा फोटो आणि शेजारी ती कशी हवी होती त्याचं चित्र. एकदा नव्या पेठेतल्या एका कापडदुकानाची पाटी आली. दुकानदार मासिक हातात गुंडाळून घरी आला. मी आत होते, आवाज सगळा ऐकू येत होता.

"काय बे, नव्या पेठेत एवढी दुकानं, तुला माझीच पाटी गावली व्हय?"

"तुमचीच वाचता येईना."

"माझ्या बापानं लावलेली पाटी हाय ती!"

"नाव बापाचंच आहे न्हवं? मग ते वाचता यायला पाहिजे की."

मी कडी वाजवून चहा ठेवला. मग दुकानदाराचा आवाज आला, जरा खालचा. "मग कशी पायजे म्हणतोस?" त्याची नवी पाटी कागदावर लहान काढून आधी आमच्या दोरीला लागली, मग त्याच्या दुकानाला. पुढं मी अव्वांबरोबर लुगडं घ्यायला गेले तेव्हा ती गर्दीच्या पलीकडून, रिक्षांच्या डोक्यावरून दिसली. अव्वांनी कोपरानं ढोसलं आणि म्हणाल्या, "बघ, तुझी सवत." त्यांना ती दोरी माझ्या सवतीसारखी वाटायची. नवरा स्वयंपाकघरात येतो तो तिला भेटायला, असं त्या म्हणायच्या.

मासिक बंद पडलं ते भांडून वगैरे नाही. छापखान्याचा मालक थकला, त्यानं यंत्र विकलं. नवे छापखाने आले, त्यात यांचं मन रमलं नाही. एक अंक लांबला, मग आणखी लांबला, मग हे त्याबद्दल बोलेनासे झाले. कारखान्यातून निवृत्त होईपर्यंत चादरीची नक्षी काढत राहिले. दोरी रिकामी दिसायला लागली म्हणून मी तिला दिनदर्शिका अडकवली. मग वर्षानुवर्षं तिथं दिनदर्शिकाच होती. दूध किती घेतलं, गॅस कधी आला, नातीच्या शाळेची सुट्टी, सगळं तिच्यावर.

पुण्याहून एक अनोळखी मुलगी घरी आली तेव्हा या सगळ्याला इतका काळ लोटला होता की, मासिकाचं नाव तिच्या तोंडून ऐकून मला ओळखू आलं नाही. ती एका कॉलेजात हेच शिकवते, अक्षरं आणि पानं. तिला कुणाच्या तरी माळ्यावर काही अंक मिळाले होते. बाकीचे आमच्या ट्रंकेत होते. ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि एकेक अंक उघडताना हात ओढणीला पुसत होती. तिला सगळे अंक एकत्र करून एक जाड पुस्तक काढायचं होतं. हे तिच्यासमोर खुर्चीत बसले होते आणि इतकं बोलत होते की, सूनबाई आत येऊन मला म्हणाली, "आई, बाबांना काय झालंय? दात बसवल्यापासनं एवढं बोलले नव्हते."

त्याच्या आदल्या वर्षी यांना झटका येऊन गेला होता. बोलणं वाचलं, चालणं काठीवर आलं, पण उजवा हात कापायला लागला. चहाची बशी दोन्ही हातांनी धरावी लागते. त्या हातानं यांनी कागदावर काही काढलं नव्हतं. आणि त्या मुलीनं पुस्तकाचं मुखपृष्ठ करून मोबाइलवर पाठवलं, तेव्हा हे म्हणाले, "मुखपृष्ठ मी करतो."

मुलगी फोनवर म्हणाली, "सर, तुम्ही करणार असाल तर तुमचंच घेऊ. आमचं बाजूला ठेवते. तुम्ही सांगाल तसं." पोर चांगली आहे. तिनं खरंच ते यांच्यावर सोडलं.

मग यांनी खिडकीशी टेबल लावून घेतलं. सकाळचं ऊन असेपर्यंत बसायचे. उजवा हात डाव्या हातानं मनगटाशी धरून रेघ ओढायचे. रेघ वाकडी गेली की कागद बाजूला. मी काही बोलायची नाही, मधूनमधून पाणी ठेवायची. ऊन वाढत गेलं, पंखा लावला तर कागद उडायचा, म्हणून हे घामाघूम होऊन बिनपंख्याचे बसायचे. मुलगा म्हणाला, कशाला एवढा त्रास? हे म्हणाले, "पुस्तक लोक हातात घेतील तेव्हा वर माझा हात पाहिजे." माझं नाव पाहिजे असं म्हणाले नाहीत. हात पाहिजे म्हणाले. या वयात यांना दुसरं काही नको होतं, हे घरात सगळ्यांना दिसत होतं.

एके दिवशी कागद घेऊन स्वतः स्वयंपाकघरात आले. काठी ओट्याला टेकवली आणि म्हणाले, "ती दिनदर्शिका काढ."

मी काढली. चिमटे यांच्या बोटांना दाबता येईनात, तेव्हा मी लावले. चित्र दोरीला लागलं. मी पदरानं हात पुसत मागं सरकले.

मधोमध अक्षर होतं, मोठं, पहिल्यासारखंच. पण त्याच्या आत चादरीची नक्षी भरली होती, तिची घरं एकेक करून. भोवतीनं पाट्या होत्या, नव्या पेठेतली ती पाटीही होती. लेबलं होती, काड्यापेटी होती, मागाचा धोटा होता. कडेनं चादरीचा काठ. रंग चार. रेघा कापत होत्या, पण त्याचं मला फार वाटलं नाही. खाली कोपऱ्यात यांची सही होती, जी यांनी पूर्वी कधी मुखपृष्ठावर केली नव्हती.

"आठ दिवस," हे म्हणाले.

"व्हय."

पहिल्या दिवशी मी भाकरी थापताना चारदा वर बघितलं. मुद्दाम बघतेय हे माझं मलाच कळलं, म्हणून सोडून दिलं. पुढं काय झालं ते खरंच मला सांगता येत नाही, कारण काही झालंच नाही. सकाळचा चहा, भाजी, भाकरी, शेंगाची चटणी कुटणं, दुपारची भांडी. मी त्या भिंतीसमोरच होते.

सहाव्या दिवशी नळाला पाणी कमी आलं. मी ओटा पुसला, फडकं पिळलं आणि वाळत घातलं. सून तांदूळ घ्यायला आत आली आणि ओरडली.

"आई! हे काय केलंत? चित्रावर फडकं टाकलंत की!"

मी बघितलं तर खरंच. दोरीवर फडकं, फडक्याखाली चित्र. हात सवयीनं दोरीकडं गेला होता. दिनदर्शिकेच्या वेळी मी कडेला फडकं टाकायची, तसं टाकलं होतं, बरोबर मधोमध. आम्ही दोघींनी घाईनं काढलं. वरच्या कोपऱ्यात ओल लागली होती, काठाचा तांबडा रंग थोडा पसरला होता. सूनबाईनं कोरड्या कापडानं टिपलं.

"कळणार नाही त्यांना," ती म्हणाली. "एवढ्या गर्दीत कुठं दिसतंय."

म्हणाली आणि टिपता टिपता थांबली. दोघींनाही एकाच वेळी कळलं होतं.

थोड्या वेळानं ती माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, परवा विचारतील तेव्हा 'दिसतंय' म्हणा. काय जातंय तुमचं? या वयात माणसाला एवढं तरी द्यावं की."

"खोटं?"

"खोटं कसलं? तुमचे डोळे काय आता पहिल्यासारखे राहिलेत? मोतीबिंदू काढलाय दोन्हीकडचा. म्हणा की दिसतंय म्हणून."

ती वाईट बोलत नव्हती. सासऱ्यावर तिचा जीव आहे. झटका आला तेव्हा दवाखान्यात तीच राहिली होती. मी त्या दोन दिवसांत तिचं बोलणं पुष्कळदा मनात फिरवलं. दिसतं म्हटलं तर पुस्तकावर यांचा हात राहील. पुण्याची मुलगी हरकत घेणार नाही. लोक म्हणतील, म्हातारपणी केलंय, छान केलंय. यांना तेच ऐकू येईल, म्हातारपणी केलंय. पण मी काय म्हणाले ते मला ठाऊक असेल आणि दोरी रोज समोर असेल.

आठव्या दिवशी हे आले आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले. मी भाकरी थापत होते. सूनबाई ओट्याशी कोथिंबीर निवडत होती, ती निवडायची थांबली.

"दिसतं का अजून?"

मी मान हलवली. पहिल्यांदा हलवली होती तशीच.

"मान नको हलवू. बोल."

"न्हाय दिसत."

सूनबाईनं कोथिंबिरीची जुडी ओट्यावर आपटली आणि बाहेर निघून गेली. हे चित्राकडं बघत राहिले.

"हात कापतो म्हणून?"

"न्हाय. कापल्यालं मला ध्यानातबी न्हाय आलं."

"मग?"

"लई हाय त्यात. समदंच हाय. कुटं बघावं ते कळंना झालं." मग मला राहवलं नाही. "परवा मी त्याच्यावर वलं फडकं वाळत घातलं."

"कशावर?"

"चित्रावर. मला दिसलंच न्हाय."

हे माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं, आता चिडतील. ओठ हलले, खांदे हलले आणि हे हसायला लागले. हसता हसता ठसका लागला. मी पाणी दिलं. "फडकं," हे म्हणाले, "फडकं टाकलंस माझ्यावर." पुन्हा हसले. पण पाण्याचा पेला खाली ठेवला तेव्हा डोळे पुसले, ते ठसक्यामुळं की कशामुळं, ते मी विचारलं नाही.

"सगळ्यांना सांगत आलो, काढून टाका, काढून टाका," हे थोड्या वेळानं म्हणाले. "आता माझंच मला काही काढवेना."

मी परातीतलं पीठ गोळा केलं.

"भाकरी जळतीय," हे म्हणाले आणि काठी घेऊन उठले.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी हे आत जेवायला आले नाहीत. सूनबाईनं ताट बाहेरच्या खोलीत नेलं. माझ्याशी ती कामापुरतंच बोलली. यांनी टेबलावरचे रंग झाकून ठेवले होते, हे मला झाडताना दिसलं. चित्र तसंच दोरीला होतं. मी उतरवलं नाही. उतरवायचं काम यांचं.

तिसऱ्या दिवशी हे एक कागद घेऊन आले. मुलाकडून छापून आणवला होता, पुस्तकाच्या मापाचा. पुण्याच्या मुलीनं केलेलं ते मुखपृष्ठ.

"हे लाव."

"आन् ते?"

"ते काढून ठेव बाजूला. हे लाव."

"कशाला? तिचं तिला म्हायती."

"नियम सगळ्यांना एकच. आठ दिवस."

त्यावर फारसं काही नव्हतं. पांढरा कागद, वरच्या बाजूला एक जाड काळी आडवी रेघ आणि तिला खालून लटकलेलं मासिकाचं नाव. आपण अक्षरावर रेघ ओढतो तीच, फक्त मोठी आणि या काठापासून त्या काठापर्यंत गेलेली. मला ते बघून राग आला. एवढंसं करायला कितीसा वेळ लागला असेल, असं वाटलं. मनातून मला वाटत होतं की, हेही दिसू नये. दोन्ही नापास झाली तर बरोबरी होईल, मग हे पुन्हा काढतील, थोडं कमी काढतील. मी स्टूल फिरवून भिंतीकडं पाठ करून लसूण सोलला. भाकरीला मात्र पाठ करता येत नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, मान वर केली की ती काळी रेघ. रोज. वाटीतलं पाणी संपलं म्हणून वळले तरी ती रेघ. सहाव्या दिवशी फडकं पिळलं आणि दोरीपर्यंत नेलेला हात थांबला. मी ते खिडकीच्या गजावर टाकलं.

हे विचारायला आले तेव्हा सूनबाई मुद्दाम तिथंच थांबली.

"दिसतं का?"

"दिसतंय," मी म्हणाले. ते म्हणायला मला आधीच्या नकारापेक्षा जड गेलं.

"व्हय," हे म्हणाले. "मला बाहेरच्या खोलीतून दिसतं. दार उघडं असलं की."

यांनी तिथूनच पुण्याला फोन लावायला सांगितला. सूनबाईनं लावून आवाज मोठा केला.

"बाळ, तुझंच घे."

"सर, असं कसं? तुमचं झालं नाही का अजून? आम्ही थांबतो ना. घाई नाही."

"झालं. झालं आणि नापास झालं. तुझं घे. फक्त ती रेघ बोटभर खाली आण. वर लटकल्यासारखी वाटते, जरा वजन येऊ दे तिला. आणि माझं नाव वर नको, आत घाल."

मग तिचा आवाज बदललेला आला. "सर, नापास कुणी केलं?"

"घरात विचारलं."

"आजींना? सर, मला आजींशी बोलायचंय. प्लीज, फोन द्या ना त्यांना."

सूनबाईनं फोन माझ्यापुढं केला. मी हात पिठाचे आहेत असं दाखवलं आणि परसात गेले. तिथं तुळशीला सकाळीच पाणी घातलेलं होतं, तरी पुन्हा घातलं. आतून यांचा आवाज येत होता, "ती नाही येणार. लाजती. नाही गं, रागावलेली नाही, ती अशीच आहे पहिल्यापासून."

मी आत आले तेव्हा फोन झाला होता. सूनबाई कोथिंबीर निवडत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई, तुम्ही पण ना." आणि थोड्या वेळानं, "चहा घेणार का?" मी घेते म्हणाले.

हे आपलं चित्र हातात घेऊन उभे होते. एकदा खिडकीकडं धरून बघितलं, वरचा पसरलेला तांबडा डाग बघितला आणि माझ्याकडं दिलं.

"फळीला घाल."

मी सगळ्यात खालच्या फळीवरचे डबे उतरवले, फळी पुसली, कागद घातला. माप बरोबर बसलं. मग डबे जागच्या जागी ठेवले, ज्वारीच्या पिठाचा मोठा डबा मधोमध.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे पाणी प्यायला आत आले. पेला ठेवताना नजर फळीवर गेली. डब्यांच्या मधून चार रंग दिसत होते.

"सरळ घातलंस," हे म्हणाले.

"व्हय."

"उलटं घालायचं असतं."

"डबं ठिवलं की झाकतंयच की."

यांनी काठी हाताला अडकवली, दोन्ही हातांनी पिठाचा डबा उचलून जरा बाजूला सरकवला आणि खाली वाकून बघितलं. काय बघितलं ते मला पाठमोऱ्या यांच्यावरून कळलं नाही. मग डबा पुन्हा होता तिथं ठेवला.

"हलका लागतोय," हे म्हणाले. "दळण आणायला सांग."